अ‍ॅक्टिवा घाटात ओढत नाही, आधी काय बदलू? रोलर, सायलेन्सर का बोअर किट?

घाटातला_गडी
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय, थोडं लांबेल.
गाडी अ‍ॅक्टिवा ४जी, २०१७ ची. ताईची होती, तिचं लग्न झाल्यावर माझ्याकडं आली, आता ४१ हजार किमी झालेत. मी राहायला साताऱ्यात आणि कामाला कास रोडला एका हॉटेलात, म्हणजे यवतेश्वरचा घाट रोज चढायचा आणि रात्री उतरायचा. सपाटीला काही तक्रार नाही, हायवेला साठनं आरामात जाते. पण समर्थ मंदिर सोडून चढ लागला की गाडीचा जीवच जातो, एकटा असलो तर कसंबसं ३०, आणि मागं आमच्या हॉटेलचा आचारी बसला (चांगला ८५ किलोचा गडी आहे) तर काटा २० वर येतो, रेस पूर्ण पिळलेली असते तरी. मागून येणाऱ्या चारचाकी वळणावरच ओव्हरटेक मारतात आणि मला पार कठड्याकडं सरकावं लागतं, पावसाळ्यात धुक्यात तर फार भीती वाटते.
बजेट ७ हजारापर्यंत. एका दुकानदाराने यादी दिलीय, फ्री फ्लो सायलेन्सर, ओपन एअर फिल्टर, रेसिंग सीडीआय (प्लगची ठिणगी कधी पडायची ते ठरवणारा डबा) आणि कॉइल, इरिडियम प्लग, आणि नंतर पैसे झाले की बोअर किट, म्हणजे सिलिंडर रुंद करून मोठा पिस्टन. मित्र म्हणतो यातलं काहीच नको, फक्त रोलर बदल. मला टॉप स्पीड नकोय, ९० नी कुठं पळायचं नाही. घाटात डबलसीट ३५-४० मिळालं तरी बास. कुठून सुरुवात करू?

पानापक्कड (कोल्हापूर)
भावा आधी एक सांग, घाटात रेस पिळल्यावर गाडी ओरडते का कण्हते? म्हणजे इंजिन लय वर जातंय, किंचाळतंय आणि चाक मात्र त्या मानानं फिरत नाही, असं आहे का? का इंजिन खालच्याच आवाजात जड जड चालतंय, जसं गिअरच्या गाडीला चढावर वरचा गिअर ठेवल्यावर होतं? दोन्हीचं औषध वेगळं आहे. आणि बेल्ट, रोलर शेवटचे कधी बदलले ते पण सांग.

घाटातला_गडी
कण्हते दादा. घुमल्यासारखा जड आवाज येतो, हँडल पण थरथरतं. बेल्ट एकदा बदललाय असं ताई म्हणते, पण बिल नाही. रोलरचं कुणालाच माहीत नाही.

पानापक्कड (कोल्हापूर)
मग पैसे खिशातच ठेव सध्या. ते यादीतलं काहीही घेऊ नकोस, आधी डाव्या बाजूचं कव्हर उघडायचं.
स्कूटरला गिअर नसतात असं आपण म्हणतो पण असतात, फक्त ते बेल्टवर असतात. पुढं व्हेरिएटर, त्यात सहा रोलर. इंजिन फिरायला लागलं की रोलर बाहेर फेकले जातात, पुलीची एक बाजू दाबतात, पुली मिटते आणि बेल्ट वर चढतो, तो झाला मोठा गिअर. मागच्या पुलीत मोठा स्प्रिंग असतो, आमच्याकडं काँट्रा स्प्रिंग म्हणतात, तो बेल्टला परत लहान गिअरला ओढतो. सगळा खेळ या दोघांच्या ओढाताणीचा. आता ४१ हजार किमी फिरलेले रोलर असले तर त्यांना एका बाजूला चपट पडलेलं असणार शंभर टक्के. चपटा रोलर गोल फिरत नाही, घसरतो आणि अडकतो. बाहेर गेला की आत यायला बघत नाही. मग घाट लागला, स्पीड उतरला, तरी गाडी मोठ्याच गिअरला राहते. तू जे कण्हणं म्हणतोयस ना ते हेच.
तुझ्या गाडीची ताकद साधारण ८ पीएस, ती मिळते ७५०० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे), आणि टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, ९ न्यूटन मीटरच्या आसपास तो ५५०० ला. घाटात इंजिन त्या दोघांच्या मधे कुठंतरी फिरलं पाहिजे. तुझं चार-साडेचार हजारावर बसून राहत असेल तर सायलेन्सर सोन्याचा लाव, काय होणार नाही.
एक काम कर, फुकटातलं. कव्हर काढलं की पुढच्या पुलीच्या तोंडावर मार्करनं मधून कडेपर्यंत सरळ रेघ मार. कव्हर लावून हायवेला चांगली पळव, परत उघड. बेल्टनं जिथपर्यंत रेघ पुसलीय तिथपर्यंतच तो चढतोय. कडेला दोन-तीन मिमी राहिली तर ठीक, बोटभर रेघ शिल्लक असली तर बेल्ट रुंदीला झिजलाय किंवा रोलर अडकतायत. बेल्ट झिजला की तो पुलीत खोल बसतो.
उघडताना मात्र पुलीच्या पंख्याच्या पात्यात स्क्रू ड्रायव्हर अडकवून नट सोडू नकोस, लय पोरं करतात, पातं तुटतं आणि सगळी पुली नवीन घ्यावी लागते. होल्डर घे नाहीतर हवेच्या गनवाल्याकडं जा. आणि बसवताना बेल्टला ग्रीसचा हात लागता कामा नये.

टॉपएंड_सांगली
पानापक्कड दादांचं बरोबर आहे पण एवढ्यानं काय फरक पडणार हो, सर्व्हिसिंगच झाली की ती. मी माझ्या ११० ला ओपन फिल्टर, फ्री फ्लो आणि मोठा मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं भोक) टाकलाय, गाडी एकदम मोकळी झाली, आवाज पण दमदार. पुढच्या महिन्यात ब्लॉक बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकतोय. परफॉर्मन्स पाहिजे तर इंजिनमध्येच हात घालावा लागतो, बाकी सगळी मलमपट्टी.

कायनेटिक_काका (पुणे)
सायलेन्सरबद्दल थोडं बोलतो, कारण हा गैरसमज आमच्याच पिढीकडून पुढं आलाय.
माझी पहिली गाडी कायनेटिक होंडा, ९८ सीसी, टू स्ट्रोक. त्या इंजिनात व्हॉल्व्ह नसतात, सिलिंडरच्या भिंतीला नुसती भोकं असतात आणि एक वेळ अशी येते की ताजं पेट्रोल आत येतंय आणि धुराचं भोकही उघडंच आहे. तिथं सायलेन्सरच्या पाइपाचा आकारच काम करतो, धुराची लाट पुढं जाऊन निमुळत्या भागावर आपटून परत येते आणि बाहेर निघालेलं ताजं पेट्रोल आत ढकलते. म्हणून टू स्ट्रोकला पाइप बदलला की गाडी खरोखर बदलायची, पोटात फुगलेला तो पाइप लावून आमच्यातल्या दोघातिघांनी गाड्या काय पळवल्या होत्या! अ‍ॅक्टिवा फोर स्ट्रोक. तिथं व्हॉल्व्ह दार बंद करतो, त्यामुळं त्या लाटेचा तसा उपयोग उरत नाही. ११० सीसीच्या इंजिनाला जेवढा धूर बाहेर टाकायचाय तेवढ्यासाठी कंपनीचा सायलेन्सर पुरेसा आहे. फ्री फ्लो लावून खालच्या आरपीएमला उलट ओढ कमी होते असाच माझा अनुभव, आणि बाळा तुला नेमकी खालीच ओढ पाहिजे.
आवाज वाढला की आपल्याला वाटतं ताकद वाढली. टॉपएंड भाऊ, रागावू नका, पण एकदा तोच चढ जुन्या सायलेन्सरने घड्याळ लावून चढा आणि नव्याने चढा. मी माझ्या मुलाच्या गाडीवर हे केलंय, सिंहगडाच्या घाटात, आणि त्याने स्वतः सायलेन्सर काढून ठेवला.

डिओवाली (नाशिक)
मी डिओ ११० वर रोलरचे बरेच प्रयोग केलेत, त्यात चुकाही झाल्यात, म्हणून सविस्तर लिहिते.
पहिली गोष्ट, रोलर घ्यायच्या आधी जुने मोजून घ्या. व्यास आणि रुंदी व्हर्नियरने, आणि वजन सोनाराच्या काट्यावर. किराणा दुकानाचा काटा एक-दोन ग्रॅमचा फरक दाखवत नाही. आमच्या गल्लीतल्या सोनारकाकांकडे मी प्लॅस्टिकच्या डबीत सहा रोलर घेऊन गेले तर ते आधी बघतच राहिले, मग एकेक ठेवून लिहून दिलं. सहापैकी दोन बाकीच्यांपेक्षा जवळजवळ एक ग्रॅम हलके निघाले, इतके झिजलेले. वरचं नायलॉन जाऊन आतलं पितळ दिसत होतं.
दुसरी, हलके रोलर म्हणजे इंजिन जास्त आरपीएमला फिरतं आणि बेल्ट उशिरा चढतो, पिकअप वाढतो, घाटात ओढ वाढते, पण अ‍ॅव्हरेज थोडं जातं आणि सपाटीला त्याच स्पीडला आवाज वाढतो. जड रोलरचं उलट. मी पहिल्यांदा उत्साहात एकदम चार ग्रॅम हलके टाकले आणि गाडी पन्नासलाच अशी किंचाळायला लागली की आई म्हणाली ही गाडी परत कर. चार दिवसांत काढले. नंतर नवीन रोलरच्या वजनापेक्षा प्रत्येकी दीड ग्रॅम कमी केले, ते आजतागायत आहेत. नवीनच्या वजनाच्या दहा टक्के कमी, फार तर पंधरा, त्याच्या पुढं रोजच्या गाडीला जाऊ नये असं माझं मत. मधलं वजन मिळत नसेल तर तीन जड तीन हलके असं एक सोडून एक लावता येतं, पण एक सोडून एकच, नाहीतर व्हेरिएटर हलतो.
स्लायडर पण मिळतात, गोल नसतात, तैवानचे डॉक्टर पुलीवाले प्रसिद्ध आहेत. ते चपटे पडत नाहीत गोल रोलरसारखे, आणि बेल्ट कडेपर्यंत थोडा जास्त नेतात. पण त्यांना दिशा असते, उलटे बसवले तर अडकतात, मिस्त्रीला समोर उभं राहून सांगा.
क्लचचे कडक स्प्रिंग कुणी सुचवले तर घेऊ नका, गाडी उशिरा उचलते, ट्रॅफिकमध्ये क्लच तापतो आणि बेल बाउलवर (क्लचच्या बाहेरच्या वाटीवर) निळे डाग पडतात. ते शर्यतीच्या गाडीला.

पानापक्कड (कोल्हापूर)
ताईंनी बरोबर सांगितलं. काँट्रा स्प्रिंगचं मी घालतो त्यात. जुना स्प्रिंग आणि नवीन ओरिजिनल शेजारी शेजारी उभे करून बघ, जुना बसलेला असतो, कधी कधी नुसत्या नजरेला फरक दिसतो. बसलेला असला तर घाटात बेल्ट खाली ओढायला त्याच्यात दम राहत नाही. ओरिजिनलच टाक, लय कडक टाकलास तर बेल्ट तापून खराब होतो.
आणि टॉपएंड भावा, तुझी गाडी मोकळी वाटते कारण हवा जास्त जाती. पण या गाडीचा कार्बोरेटर व्हॅक्यूमवर चालणारा आहे, त्यातला पिस्टन रबरी पडद्यावर वर-खाली होतो. फिल्टरचा डबा काढून उघडा फिल्टर लावला की त्याचं गणित बिघडतं, अर्ध्या रेसला हवा जास्त आणि पेट्रोल कमी. जेट मोठा करून पूर्ण रेसला जमतं, मधे जमत नाही. तू प्लग काढून बघ, पांढरा पडलेला असला तर इंजिन तापतंय. मनापासून सांगतोय, बोअर करायच्या आधी एवढं बघच.
इरिडियम प्लग जास्त टिकतो, पण जुना प्लग चांगला असेल तर ताकद वाढत नाही. सीडीआयचं पण तेच, तो आरपीएमचं लिमिट वर नेतो आणि तू त्या लिमिटला पोचतच नाहीस.

कागदपत्रं_आधी
बोअर किटबद्दल दोन गोष्टी, मी विम्याच्या कामात आहे म्हणून.
हिशोब करून बघा. ४जी चा बोअर (सिलिंडरचा व्यास) ५० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ५५.६, म्हणून १०९ सीसी. ५२ चा पिस्टन टाकला तर ११८ सीसी होते, म्हणजे आठ टक्के. त्यासाठी ब्लॉकची भिंत पातळ करायची, कॉम्प्रेशन वाढणार, थंड करायला तोच पंखा. घाटात रोज पूर्ण रेसने चढणाऱ्या गाडीला हे करू नये. आणि ६जी चं किट स्वस्त मिळतं म्हणून कुणी देत असेल तर घेऊ नका, ६जी चं इंजिनच वेगळं आहे, ४७ चा बोअर आणि ६३ चा स्ट्रोक, काहीच बसणार नाही.
दुसरं कायद्याचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसी बुकात जे लिहिलंय त्याच्याशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलंय. सीसी हा त्यातलाच भाग. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. पण दंडापेक्षा मला काळजी वेगळीच आहे. अपघात झाला, समोरच्याला लागलं, आणि सर्व्हेअरने ब्लॉक उघडून लिहिलं की इंजिन बदललेलं आहे, तर विमा कंपनीशी भांडत बसावं लागतं. अशी फाईल मी हाताळलीय, त्या घरातला मुलगा वीस वर्षांचा होता. रोलर, बेल्ट, स्प्रिंग यांनी आरसीवरचं काहीच बदलत नाही.

टॉपएंड_सांगली
प्लग काढून बघितला आत्ता. पांढराच आहे. जुना फिल्टरचा डबा घरी माळ्यावर आहे, रविवारी लावतो. बोअरचं थांबवलंय सध्या. धन्यवाद पानापक्कड दादा.

डिओवाली (नाशिक)
घाटातला गडी, अजून एक राहिलं. ओढ वाढली की उतरताना पण विचार करा. तुमच्या गाडीला दोन्हीकडं १३० चे ड्रम आहेत. रोज रात्री घाट उतरताय, डबलसीट, तर ७ हजारातले पहिले पैसे ब्रेक शू आणि मागच्या टायरला ठेवा. ड्रम उघडून आतली काळी भुकटी साफ करून घेतली तरी फरक कळतो. आणि उतरताना रेस पूर्ण सोडून नुसत्या ब्रेकवर येऊ नका. स्पीड फार पडला की क्लच सुटतो आणि इंजिनचा ब्रेक जातो, मधे मधे किंचित रेस देऊन क्लच धरून ठेवायचा, कळेल तुम्हाला दोन दिवसांत.

घाटातला_गडी
तीन आठवड्यांनी लिहितोय, सगळं करूनच सांगायचं ठरवलं होतं.
पानापक्कड दादा, तुम्ही सांगितलेली रेघ मारली. हायवेला लिंब फाट्यापर्यंत जाऊन आलो, उघडली तर कडेला जवळजवळ एक सेंटीमीटर रेघ तशीच होती. मग व्हेरिएटर उघडला तर सहापैकी चार रोलर चपटे, एक तर असा की टेबलावर ठेवला की गडगडतच नाही, उभा राहतो. त्याचा फोटो काढून ताईला पाठवला. बेल्ट वरून चांगला दिसत होता पण उलटा वाकवला तर दातांच्या बुडात चिरा, आणि त्याच्यावर कंपनीचं नावच नव्हतं, म्हणजे मागं कुठल्यातरी गॅरेजमध्ये डुप्लिकेट टाकलेला. काँट्रा स्प्रिंग नव्याशेजारी उभा केला तर अर्ध्या बोटाने बुटका.
पहिल्यांदा सगळं ओरिजिनल वजनाचंच टाकलं, रोलर, बेल्ट, स्प्रिंग, रोलर जिथं घासतात तिथले छोटे प्लॅस्टिकचे गाइड पण. एवढ्यानेच एकटा असताना घाटात ४० मिळायला लागलं. विश्वास बसेना, दोनदा जाऊन आलो. आठवडाभर तसंच चालवलं आणि मग डिओवाली ताईंचं ऐकून प्रत्येकी दीड ग्रॅम हलके टाकले. सोनाराकडं मी पण गेलो, आमच्या इथल्यांनी पैसे घेतले नाहीत पण सगळा प्रकार समजावून सांगायला लावला.
घड्याळ लावून मोजलंय, समर्थ मंदिर ते यवतेश्वरचं मंदिर, डबलसीट, तोच आचारी, टाकी अर्धी. आधी साडेचौदा मिनिटं लागायची. ओरिजिनल रोलरने दहा. हलक्याने नऊ मिनिटं दहा सेकंद. डबलसीट मधल्या चढावर ३५-३६ च्या खाली आली नाही. अ‍ॅव्हरेज टाकी टू टाकी काढलं तर ४४ होतं ते ४२ आलं, ते चालेल मला. सपाटीला साठला आवाज थोडा जास्त आहे, पण सवय झाली.
ब्रेक शू दोन्हीकडचे बदलले, मागचा टायर नवीन टाकला. टायरसकट सगळं धरून बजेटमध्ये बसलं, थोडे उरले पण.
काल संध्याकाळी धुकं होतं, वर जाताना मागून एक मोठी गाडी आली, आणि पहिल्यांदा ती माझ्या मागंच राहिली वळण संपेपर्यंत. मग सरळ रस्त्यावर तिला पुढं जाऊ दिलं. आचारी मागून म्हणाला, आज काय पेट्रोल वेगळं घातलंय का.
आता एकच विचारायचंय, वर कासकडं गेल्यावर गाडी अजून थोडी जड वाटते, खाली साताऱ्यात वाटत नाही. जेटिंगला हात लावायचा का?

पानापक्कड (कोल्हापूर)
वा भावा, लय बरं वाटलं वाचून. जेटला हात लावू नकोस. कास साधारण बाराशे मीटरवर आहे, हवा विरळ होते, शंभर मीटरला एक टक्का ताकद जाते असं धर, म्हणजे साताऱ्यापेक्षा चार-पाच टक्के कमी राहणारच, ती कुठल्याच गाडीला चुकत नाही. एअर फिल्टर नवीन आहे का तेवढं बघ, तिकडच्या धुरळ्यानं लवकर भरतो. आणि टॅपेट (व्हॉल्व्हची फट) थंड इंजिनवर एकदा तपासून घे, ४१ हजारात कुणी बघितले नसतील. तो उभा राहणारा रोलर टाकू नकोस, माझ्याकडं पाठव, गॅरेजच्या भिंतीला टांगतो, गिऱ्हाइकाला दाखवायला.

घाटातला_गडी
टॅपेट शनिवारी बघून घेतो. रोलर पाठवतो दादा, पत्ता मेसेज करा.